हिरवी सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. सहाण म्हणजे चंदन उगाळायचा दगड. तुमच्या घरी देवापुढे माझी एखादी तळहाताएवढी बहीण असेल. मी मात्र परातीएवढी थोराड आहे आणि देवघरात नव्हे, दर्ग्यात राहते. अंगाने काळी, मधोमध खोलगट, आणि एका कडेला केसाएवढी बारीक चीर. ही चीर मी सहसा कुणाला सांगत नाही, पण पुढे तिचं काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गेल्या उरुसाच्या आधी पाच दिवस मी काळीची हिरवी झाले. त्या पाच दिवसांत मला जेवढी धास्ती वाटली तेवढी आधीच्या शेकडो वर्षांत मिळून वाटली नव्हती. ती हकीकत सांगायलाच मी बोलते आहे. पण दगडाला हिरवा रंग लागला यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मला कुणी पाथरवटाने घडवलेलं नाही. ओढ्याच्या पाण्याने मला चपटं केलं आणि माणसांच्या हातांनी खोलगट केलं. आमच्या शहराला लोक खडकी म्हणायचे तेव्हाची ही गोष्ट. पाचोडकडचा मुंजाबा नावाचा धनगर मेंढरं घेऊन गारखेड्यापलीकडच्या माळावर उतरला होता. त्याच्या बायकोला मिरच्या वाटायला दगड हवा होता, म्हणून त्याने मला ओढ्यातून उचललं. म्हणजे माझी सुरुवात मिरचीने झाली, हे मी लपवत नाही.

त्या हिवाळ्यात उत्तरेकडून एक फकीर त्या वाटेने आला. खुलताबादेत मोठमोठे वली, म्हणजे अल्लाहचे जवळचे लोक, पुरलेले आहेत. त्यांच्या कबरींची जियारत, म्हणजे दर्शन, करायला तो निघाला होता, पण माळावरच तापाने आडवा झाला. मुंजाबाने स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर घातली. मेंढीचं दूध पाजलं. ताप डोक्यात जायला लागला तेव्हा त्याच्या बायकोने मला सात पाण्यांनी धुतलं, बांधावरच्या चंदनाचं खोड माझ्यावर उगाळलं आणि त्या अनोळखी माणसाच्या कपाळावर लेप दिला. तीन दिवसांनी ताप उतरला. फकीर पुढे खुलताबादेला जाऊन आला, पण राहायला परत याच माळावर आला. ती घोंगडी त्याने आयुष्यभर उतरवली नाही, म्हणून लोक त्याला कंबलशाह बाबा म्हणू लागले.

बाबांनी काही चमत्कार केले का, असं मुलं फार विचारतात. मी तरी पाहिले नाहीत. मी पाहिलं ते एवढंच, की झोपडीच्या दाराशी पाण्याचा रांजण कायम भरलेला असे. वाटसरूला आधी पाणी द्या, मग कोण-कुठला हे विचारा, असं ते सांगत. पाणी पिऊन झाल्यावर विचारायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. एकदा मुंजाबाचा मुलगा माझ्यावर कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. बाबांनी कुऱ्हाड त्याच्या हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाले, ज्या दगडाने ताप उतरवला त्यावर धार लावू नये. त्या दिवसापासून मला लोखंड लावायचं नाही असा दंडक पडला, आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांना तिथेच, माळावरच्या टेकडीवर पुरलं. पुढे कुण्या सरदाराने वर घुमट बांधला, निजामाच्या अमदानीत एका जहागीरदाराने नगारा दिला. दर्ग्याची देखभाल करणाऱ्याला मुजावर म्हणतात. आमचे सध्याचे मुजावर शम्सूचाचा, सत्तरीचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. नवीन आलेल्या माणसाला ते फार निगुतीने समजावून सांगतात. मागायचं ते अल्लाहकडेच, कपाळ टेकून सजदाही त्यालाच. इथे फक्त अदब राखायची. बाबा आपले ओळखीचे, आपल्यासाठी ते वर शब्द टाकतात. मग उरूस म्हणजे काय तेही सांगतात. उरूस म्हणजे लग्न. वली देह ठेवतो तेव्हा त्याची आपल्या प्रियाशी, अल्लाहशी भेट होते, म्हणून तो दिवस रडण्याचा नसतो. आणि लग्नाआधी जशी हळद लागते तसा उरुसाच्या आदल्या दिवशी मजारीला, म्हणजे बाबांच्या कबरीला, चंदनाचा लेप लागतो. त्याला संदल म्हणतात.

आता माझं काम तुमच्या ध्यानात आलं असेल. संदलाची पहिली वाटी माझ्यावर उगाळायची, आणि उगाळायची ती मुंजाबाच्या घरातल्या माणसाने, हा त्या घराचा मान. बहुतेक वेळा घरातली बाईच उगाळते. खोड त्यांच्याकडे, सहाण दर्ग्याकडे. वर्षातून एकदा आम्ही दोघं भेटतो. असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, नमाजानंतर मुजावर ती वाटी डोक्यावर घेतात, वर चादर धरतात, पुढे डफासारखा दफ वाजतो, उदाचा धूर दरवळतो, आणि टेकडीला फेरी घालून संदल आत जातो. लेप लावून झाला की फातेहाची प्रार्थना पढतात. मग घोंगडीचा एक तुकडा मजारीवर अंथरतात आणि त्यावर रेशमी चादर चढवतात. ती चादर कितीही भारी असली तरी तिची जागा घोंगडीच्या वरच असते. कुणी नारळ आणतं, कुणी मलिदा आणतं, आणि जो येतो तो त्या लेपाचा ठिपका कपाळाला किंवा गळ्याला लावून जातो.

हा मान एकही वर्ष चुकलेला नाही, याचा मला अभिमान आहे. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली माणसं माणसांना भिऊन होती. मुजावराचं कुटुंब पाचोडजवळ मुंजाबाच्याच वंशजांच्या वस्तीवर लपलेलं होतं. दर्ग्यात चिटपाखरू नव्हतं. संदलाच्या दिवशी त्या घरातली म्हातारी एकटीच पायी आली, खोड पदरात बांधून. तिने चंदन उगाळलं. आमच्याकडे बायका मजारीपर्यंत जात नाहीत, म्हणून ती उंबरठ्याशी थांबली आणि आपल्या हाताने उंबरठ्यालाच लेप लावून परत गेली. मुजावर परतल्यावर म्हणाले की त्या वर्षी संदल झालाच नाही असं कुणी म्हणायचं नाही. तेव्हापासून उंबरठ्याचा संदल त्या घराच्या हातचा.

तिची नातसून बानाबाई. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. उगाळायला पाणी नव्हतं, तर पोरीने सकाळपासून आपल्या वाटचं पाणी न पिता लोटक्यात जपून आणलं होतं. त्या घोटभर पाण्यात तिने वाटी भरली. तेव्हापासून पन्नासहून अधिक वर्षं मी फक्त तिचाच हात ओळखते.

हे झालं वर्षातल्या एका दिवसाचं. उरलेले दिवस कसे जातात हे सांगितलं तर कौतुकाची सगळी हवा निघून जाईल. संदल झाला की मला दालानाच्या कोपऱ्यात सरकवतात. कधी माझ्यावर रांजण ठेवला, कधी वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला मला टेकवलं. एकदा मंडपवाल्यांनी भरलेलं पिंप माझ्यावर गडगडत नेलं आणि ही चीर पडली. माळ कधीच गेला. आता चोहोबाजूंनी इमारती आहेत. खालच्या शिकवणीच्या वर्गातली मुलं माझ्यावर दप्तरं ठेवतात. मला त्यांचा राग नाही. ती निदान विचारतात तरी, हा दगड कशाचा म्हणून.

आता बिभीषणचं सांगते, आणि तेही राग धरून सांगणार नाही. बिभीषण हा बानाबाईचा मुलगा. मेंढरं त्याच्या बापाच्या वेळीच विकली गेली. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात बावीस वर्षं आहे आणि गारखेड्यात भाड्याने राहतो. म्हणजे माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. तरी नोकरीला लागल्यापासून संदलाला तो कधी आला नाही. उरूस चांदाच्या हिशेबाने येतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. बिभीषणची रजा आणि उरूस यांची गाठ कधी पडली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने ती पाडायचा फारसा प्रयत्नही केला नाही. आई आहे ना, एवढ्यावर त्याचं भागत होतं.

पण गेल्या साली बानाबाईची बोटं आखडली. थंडीत तर मूठ वळेना. सुनेचे गुडघे गेलेले, तिला खाली बसता येत नाही. नात ज्ञानेश्वरी नर्सिंग शिकायला नाशिकला, तिची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात. बानाबाईने मुलाला फोन करून सांगितलं की या साली तू सोबत ये, मला धीर होईल. बिभीषणला कुठेतरी लागलं असावं. त्याने आठ दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं, नुसतं सोबत जायचं नाही, दर्ग्याची काहीतरी सेवा करायची. आणि त्याला येत होतं ते एकच काम.

गारखेड्यातल्या दुकानातून तो हिरव्या ऑइलपेंटचे डबे घेऊन आला. शम्सूचाचा त्या दिवशी डोळा दाखवायला गेले होते. बिभीषणने कठडा रंगवला, दार रंगवलं, नगाऱ्याची घडवंची रंगवली. सगळं झकास झालं. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. लहानपणी त्याने मला पाहिलं होतं ते फुलांनी झाकलेलं, लोक वाकून हात लावताना. उगाळताना त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी पोरं बाहेर नगाऱ्याभोवती असत. त्याला वाटलं, बाबांचा एवढा मानाचा दगड आणि कोपऱ्यात काळाकुट्ट पडलाय. त्याने मला धुतलं, पुसलं, उन्हात वाळवलं. मी मनात म्हटलं, किती वर्षांनी कुणीतरी प्रेमाने हात लावतंय. मग त्याने पॉलिशपेपरने माझं पोट खरवडलं, आधी प्रायमरचा एक हात दिला, आणि वाळल्यावर हिरव्याचे दोन हात.

मित्रांनो, दुसऱ्या कुणी केलं असतं तर एक कच्चा हात मारला असता आणि तो नखानेही निघाला असता. हा मात्र कारखान्यात शिकलेला माणूस. काम कच्चं करायचं त्याला ठाऊकच नाही. माझ्या अंगाचं एकेक बारीक छिद्र त्याने बुजवलं. ज्या खरखरीवर चंदन झिजतं ती खरखर बशीच्या काठासारखी गुळगुळीत झाली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शम्सूचाचा आले. बिभीषणने हौसेने त्यांना सगळं दाखवलं आणि शेवटी माझ्यासमोर आणून उभं केलं. चाचा हळूच खाली बसले, माझ्यावरून बोट फिरवलं, आणि बोट घसरलं. मग त्यांनी संदलाला किती दिवस राहिले ते विचारलं. बिभीषण म्हणाला, तीन. तेव्हा कुठे त्याला समजायला लागलं की आपण काहीतरी भलतंच केलंय.

दुपारच्या बसने बानाबाई पाचोडहून आली. तिला फोनवर सांगितलं होतं, तरी मला बघून ती जागच्या जागी थबकली.

"बिभ्या," ती म्हणाली, "काय करून बसलास रं ह्ये?"

"आई, मला वाटलं बाबाचा दगड हाय, उजळ दिसंल. मला कुठं म्हाईत, यावरच उगाळत्यात म्हून."

बानाबाई रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. ती पायरीवर बसून राहिली आणि आपल्याच वाकड्या बोटांकडे बघत म्हणाली की चूक माझीच, पन्नास वर्षं उगाळलं पण पोराला एकदा समोर बसवून दाखवलं नाही. मला त्या क्षणी स्वतःपेक्षा तिची काळजी जास्त वाटली. या माउलीच्या हयातीत, हिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच मुलाच्या हातून मान खंडला तर ती कशी सहन करील?

उपाय काय, यावर खल सुरू झाला. बिभीषण म्हणाला, थिनरने पुसतो, अर्ध्या तासात निघेल. चाचांनी मान हलवली. थिनरचा वास दगडात मुरला की वर्षभर जात नाही. तो वास बाबांच्या मजारीवर न्यायचा का? पाट्याला टाकी लावणाऱ्याला बोलवावं, तर टाकीची छिन्नी लोखंडाची. तारेचा ब्रशही लोखंडाचाच. शेवटी बानाबाईने सांगितलं की वाळू आणि पाणी घ्यायचं, ओढ्यातला गुळगुळीत गोटा घ्यायचा, आणि गोल गोल घासत राहायचं. जसं चंदन उगाळतात तसंच. बिभीषण मांडी घालून बसला. संध्याकाळपर्यंत घासून त्याच्या तळहाताला फोड आले, आणि माझ्या हिरव्या अंगावर फक्त एक फिकट वर्तुळ उमटलं. स्वतःचंच काम किती पक्कं आहे ते त्याला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी दर्ग्याच्या कमिटीचे मुनव्वरभाई आले. त्यांचं फरशीचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, फक्त कायम घाईत असतो. संदलाला पाहुणे येणार, मंडप, लंगर, पार्किंग, सगळं त्यांच्या डोक्यावर. त्यांनी मला पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि तोडगा काढला.

"चाचा, टेन्शन कायको लेना? चंदनाची पावडर आणतो, गुलाबपाण्यात कालवली की दहा मिनटांत काम फत्ते. इस पत्थर को काच में रखेंगे, लोग देखेंगे."

ठरलं ते असं. संदलाच्या दिवशी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजापर्यंत सहाण तयार झाली तर ठीक, नाहीतर पावडर. चाचांनी होकार दिला, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी काचेचा विचार केला आणि माझ्या अंगावर काटा आला. एकदा पावडरीवर भागलं की पुढच्या साली कोण घासत बसणार? मग बानाबाईचं घर कशाला येईल? मग ते खोड कुठल्या कोनाड्यात पडून राहील? लोक काचेपुढे उभे राहून फोटो काढतील आणि मी काय करत होते हे एका पाटीवर लिहिलेलं असेल. रात्रंदिवस माझ्या मनात तेच घोळत होतं.

चौथ्या दिवशी, म्हणजे संदलाच्या आदल्या सकाळी, बिभीषण एक पिशवी घेऊन आला. बानाबाई तेव्हा नळावर होती. पिशवीतून त्याने फरशी कापायचं मशीन काढलं. मुनव्वरभाईंच्या दुकानातून आणलेलं. त्याच्या हाताच्या फोडांतून पाणी येत होतं आणि डोळे तारवटलेले होते. वायर लावली, चकती फिरली, आणि असा काही आवाज झाला की घुमटावरचे सगळे पारवे उडाले. मी माझ्या त्या चिरेचा विचार केला. चकती नुसती टेकली असती तरी माझे दोन तुकडे झाले असते. बाबांपासून चालत आलेला दंडक मोडला असता तो वेगळाच.

बानाबाई धावत आली म्हणवत नाही, तिला धावता येत नाही. पण ती आली आणि मशीन खाली येण्याआधी तिने आपला पंजा माझ्यावर ठेवला. बिभीषणने घाबरून बटण बंद केलं.

"हात काढ आई, लागंल."

"लागू दे."

"उद्या संदल हाय. हातानं व्हनार नाय ह्ये. माझ्यामुळं समदं बिघडलं, मलाच नीट करू दे की."

"तुला नीट करायचं न्हाय," बानाबाई म्हणाली. "तुला लवकर मोकळं व्हायचंय. बस खाली. जेवढं निघंल तेवढं निघंल."

बिभीषण बसला. मग त्याने वायर गुंडाळली, मशीन पिशवीत घातलं आणि गोटा हातात घेतला. त्या दिवशी तो दुपारी जेवायलाही उठला नाही. चाचा शेजारी बसून वाळूवर पाणी सोडत होते. मला एक गोष्ट जाणवत होती आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. पहिल्या दिवशी त्याचा हात चौफेर ओरबाडत होता. आता तो एका लयीत फिरत होता, मनगट सैल, जोर तळव्याचा, फेरी पुरी. हा हात मला ओळखीचा वाटायला लागला होता.

संदलाच्या दिवशी सकाळी माझ्या पोटात तळहाताएवढी काळी जागा मोकळी झाली होती. बाकी सगळी मी हिरवीच. जोहरची अजान व्हायला तासभर होता. बानाबाईने आंघोळ केली, नवं लुगडं नेसली आणि पदराच्या गाठीतून खोड सोडलं. मुठीएवढं उरलं होतं ते. माझ्यावर तिने पाण्याचे चार थेंब टाकले आणि चंदन फिरवलं. पाणी हिरवट झालं.

ते तिने कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं आणि मला पुन्हा धुतलं. दुसऱ्या वेळी हिरवट झाक कमी आली, पण आली. मजारीवरचं कापड पांढरंशुभ्र असतं. त्यावर रंगाचा एक डाग पडला असता तरी बानाबाईने जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. बिभीषणने गोटा घेतला आणि आणखी अर्धा तास घासलं. मुनव्वरभाई पावडरीची पाकिटं घेऊन कठड्याशी उभे होते. ते घड्याळ बघत होते, पण घाई करा असं म्हणत नव्हते.

तिसऱ्यांदा धुऊन झाल्यावर शम्सूचाचांनी आपल्या डोक्यावरची पांढरी टोपी काढली. नीट घडी केली आणि तिच्या कडेने माझी ती काळी जागा दाबून पुसली. मग टोपी चांगल्या डोळ्याजवळ नेऊन बघितली. बिभीषणनेही बघितली. टोपीवर नुसतं पाणी होतं.

बानाबाईने बिस्मिल्ला केला म्हणा की देवाचं नाव घेतलं म्हणा, तिचे ओठ नुसते हलले. तिने खोड टेकवलं. एक फेरी, दोन, पाच. सुगंध सुटला. आणि सहाव्या फेरीला तिची बोटं आखडली. खोड हातातून निसटून माझ्या कडेवर पडलं. तिने ते पुन्हा धरायचा प्रयत्न केला, पण मूठ वळेचना. एवढी जागा मोकळी करून शेवटी हातच नाही, असं कसं झालं, हे मला कळेना. भीतीने मी गारठले होते, आणि दगडाने गारठणं म्हणजे काय ते तुम्ही हात लावल्याशिवाय समजणार नाही.

मग बानाबाईने मुलाचा फोडांनी भरलेला हात ओढला आणि खोड त्यात ठेवलं.

मुनव्वरभाईंनी अदबीने विचारलं की आजवर हे बायांचं काम होतं, गड्याने केलेलं चालेल का. शम्सूचाचा उत्तर देणार होते, पण बानाबाईच आधी बोलली.

"बाबाच्या अंगावर पहिली घोंगडी कुणी घातली? मुंजाबानं. त्यो काय बाई व्हता?"

बिभीषणने चंदन फिरवलं. त्याला कुणी काही शिकवावं लागलं नाही. चार दिवस गोटा फिरवून त्याचा हात तयार झाला होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. फोड झोंबत असणार, पण तो थांबला नाही. तळहाताएवढ्या जागेत हळूहळू लेप साचत गेला. एरवी तीन वाट्या भरतात. त्या दिवशी एकच भरली, तीही काठाला बोटभर कमी. शम्सूचाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोक्यावर ठेवली आणि डोळे मिटून उभे राहिले. अजान झाली. मुनव्वरभाईंनी पाकिटं स्कूटरच्या डिकीत टाकली आणि मंडपवाल्यांकडे निघून गेले.

असरनंतर संदल निघाला. दफ वाजत टेकडीभोवती फिरला. मजारीला लेप लागला, फातेहा झाला, घोंगडी अंथरली, चादर चढली. मग उंबरठ्याचा संदल. बानाबाईने मुलाला पुढे केलं. बिभीषण वाकला, उंबरठ्याला लेप लावला आणि वाकलेलाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. बावीस वर्षं हाकेच्या अंतरावर राहून न आलेल्या माणसाला रडायला एवढी जागा पुरे होती.

माझी कड अजून हिरवी आहे. बिभीषण तीही घासून काढणार होता, पण बानाबाईने अडवलं. राहू दे, म्हणाली, पोरानं मनापासून लावलाय. आता शिकवणीची मुलं विचारतात तेव्हा शम्सूचाचा बाबांची गोष्ट सांगतात आणि शेवटी या हिरव्या कडेचीही सांगतात. माझ्यावर आता रांजण ठेवत नाहीत. काचेचा विषयही पुन्हा निघाला नाही. तरी माझी धाकधूक पुरती गेलेली नाही, कारण मला माणसांची विसरायची सवय माहीत आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, गावात, देवळात, दर्ग्यात जे काही जुनं असेल त्याची माया तुम्हाला आली तर फार चांगलं. पण रंगाचा डबा उघडण्याआधी कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कशासाठी आहे. आणि ते म्हातारं माणूस काम करत असेल तर जरा शेजारी बसून बघा. आम्हाला नवं दिसायचं नसतं. आम्हाला वापरा, धुवा, पुसा, आणि कामाच्या दिवशी या.

उरूस झाल्यावर निघायच्या वेळी बिभीषणने शम्सूचाचांना विचारलं, "चाचा, फुडल्या साली अकरा दिस अलीकडं ना? रजेचा अर्ज उद्याच टाकतो." चाचांनी बोटांवर चांद मोजून तारीख सांगितली आणि त्याने ती हातावर पेनने लिहून घेतली. बानाबाई दरवर्षी चंदनाचं खोड पदराला गाठ मारून नेते. टेकडीच्या पायऱ्या ती हळूहळू उतरत गेली तेव्हा मी नीट बघितलं. या वेळी तिच्या पदराला गाठ नव्हती, आणि मागून उतरणाऱ्या बिभीषणच्या सदऱ्याचा खिसा मुठीएवढा फुगलेला होता.